मोटारीतील हत्यारांची पिशवी
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, व्यवसाय अशा थोर विषयांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्या मानाने आजचा माझा विषय अगदी लहान वाटेल. मोटारीच्या डिकीत कोणती हत्यारे ठेवावीत आणि ती कशी निवडावीत, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु ज्या पांचाळ ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या भाता, ऐरण, वाकस आणि रंधा यांवर आपला संसार उभा केला, त्या ज्ञातीच्या मेळाव्यात हत्याराविषयी बोलणे अस्थानी होणार नाही, अशी माझी खात्री आहे. आज आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांच्या दारात मोटार उभी आहे. कित्येक तरुण तर मोटार चालवूनच पोट भरतात. असे असूनही, मोटारीबरोबर आलेली हत्यारांची पिशवी एकदाही उघडून पाहिलेली नाही, अशी घरे थोडीथोडकी नाहीत. ज्या घरांत ऐरणीची पूजा होते, त्याच घरांची ही गोष्ट आहे, म्हणूनच ती मनाला लागते.

आपले पूर्वज परगावी कामाला निघत, तेव्हा कोणती हत्यारे बरोबर घेत, हे थोडे आठवून पाहा. दाराची चौकट बसवावयास निघालेला सुतार घरातील सगळी हत्यारे पाठीवर घालून नेत नसे. जे काम करावयाचे, त्याला लागतील तेवढीच हत्यारे तो पिशवीत घाली. पण जी घाली, ती पाजळलेली आणि हाताला ओळखीची असत. निवडीचे सारे शास्त्र एवढ्यात आले. आधी काम ओळखावे, मग हत्यार निवडावे. आज आपण नेमके उलट करतो. बाजारात १०८ नगांची चकचकीत पेटी दिसते. इतके नग इतक्या स्वस्तात मिळाले म्हणून आपण ती हर्षाने घरी आणतो, आणि प्रसंग आला म्हणजे चाकाच्या नटाला बसणारा पाना त्या १०८ नगांत नेमका नसतो. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण अशा पेट्यांसाठीच जन्मली असावी.

तेव्हा प्रथम प्रश्न असा, की आजची मोटार रस्त्यात बंद पडते ती कशाने? या प्रश्नाचे उत्तर काळाबरोबर पालटले आहे. जगातील पहिला लांबचा मोटारप्रवास १८८८ साली बर्था बेंझ या बाईंनी आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइम ते फोर्ट्सहाइम असा केला. अंतर १०० किलोमीटरांहून अधिक होते. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. साखळी नादुरुस्त झाली, ती वाटेतल्या एका लोहाराने दुरुस्त करून दिली. ब्रेक झिजले, तेव्हा एका चर्मकाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. मोटारीचा पहिला दुरुस्तीकार एक लोहार होता, आणि रस्त्यात मोटार दुरुस्त करणारी पहिली व्यक्ती एक स्त्री होती, या दोन्ही गोष्टी या सभागृहातील सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

त्यानंतरच्या काळात, म्हणजे अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या दिवसांत, प्लग साफ करणे, पॉइंटांमधील फट जुळविणे, कार्ब्युरेटरमधील कचरा काढणे आणि तुटलेला पंख्याचा पट्टा बदलणे ही कामे रस्त्याच्या कडेला होत असत. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तिच्याबरोबर त्या जातीची दुरुस्तीही जवळजवळ संपली. आजच्या इंजिनात इंधनाचे आणि ठिणगीचे सारे नियंत्रण एक संगणक करतो, आणि तेथे पाना-पक्कड घेऊन वाकण्यात अर्थ उरलेला नाही. परंतु यावरून हत्यारांची गरज संपली, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. चाक पूर्वीसारखेच रस्त्यावर फिरते आणि त्यात खिळा पूर्वीसारखाच शिरतो. बॅटरी पूर्वीसारखीच थकते. फ्यूज वितळतो, एखादा स्क्रू सुटून पत्रा रस्त्यावर घासू लागतो. चाक, बॅटरी, फ्यूज आणि सुटलेला भाग, ही चार कामे आपल्या हातची राहिली आहेत. पिशवी या चारांसाठी भरावयाची.

यांत चाकाचा मान पहिला. गाडीला स्टेपनी आहे किंवा नाही, हे आधी पाहावे. हा प्रश्न ऐकून काहींना हसू येईल. पण २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि टायरदुरुस्तीचा संच असलेल्या लहान मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. म्हणून नवी गाडी घेताना हे विचारून घ्यावे. ज्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, त्यांची स्टेपनी बहुधा अडचणीच्या जागी असते. ती बाहेर कशी निघते, हे एकदा दिवसाउजेडी घरच्या अंगणात करून पाहावे.

चाक बदलताना खरी अडचण येते ती नट सोडविताना. गाडीबरोबर मिळणारा चाकपाना बहुधा वीतभराहून थोडा लांब असतो. येथे एक साधे गणित मांडतो. लहान मोटारीचा चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटर एवढ्या पिळाने आवळलेला असतो; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पाना २५ सेंटिमीटर लांब असेल, तर तेवढा पीळ देण्यासाठी टोकावर सुमारे ४० किलो वजनाइतका जोर लागतो. तोच पाना ५० सेंटिमीटर लांब असेल, तर २० किलोचा जोर पुरतो. टायरवाल्याच्या दुकानात हवेच्या यंत्राने नट वाजवीपेक्षा अधिक आवळले जातात, आणि पावसाळ्यात त्यांवर गंज चढतो. म्हणजे प्रत्यक्षात याहूनही अधिक जोर लागणार. आता आपल्या घरातील वृद्ध गृहस्थ किंवा एकटी प्रवास करणारी आपली मुलगी ४० किलोंचा जोर देऊ शकेल काय, याचा विचार करा. लांबविता येणारा, अर्ध्या मीटरचा चाकपाना विकत घेतला की हा प्रश्न सुटतो. तरफेचे हे तत्त्व आपल्या आजोबांनी पहारीच्या टोकाला हात घालून रोज वापरले होते.

पाना घेताना माप पाहावे. चाकाच्या नटाची १७, १९ आणि २१ मिलिमीटर ही मापे आपल्याकडील मोटारींत आढळतात. आपल्या गाडीच्या नटावर पाना प्रत्यक्ष बसवून पाहिल्यावाचून विकत घेऊ नये. चाकांना चोरीपासून रक्षण करणारे नट असतील, तर त्यांची खास किल्ली पिशवीतच असली पाहिजे. ती घरच्या कपाटात सुरक्षित ठेवणारे लोक मला माहीत आहेत. अशा सुरक्षिततेचा रस्त्यात काहीही उपयोग नाही.

जॅक गाडीबरोबर येतो, आणि तो सहसा पुरेसा असतो. मात्र त्याच्याखाली घालावयास फूटभर लांबरुंद, बऱ्यापैकी जाड अशी लाकडी फळी ठेवावी. कोकणात पावसाळ्यात रस्त्याची कड चिखलाची असते. तेथे जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच जमिनीत रुततो. फळीचे मोल अशा वेळी कळते. बरोबर लाकडाची दोन पाचरी तुकडेही असावेत. ते उरलेल्या चाकांना अटकाव म्हणून लावावेत. क्रमही ध्यानात धरावा. हातब्रेक लावावा, चाकांना पाचर द्यावी, गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत, आणि मगच गाडी उचलावी. नट आवळताना एकाआड एक, समोरासमोरचे घ्यावेत. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने अंग घालू नये. लहानात लहान मोटारही पाऊण-एक टन वजनाची असते, हे विसरता कामा नये.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला, तर तो घाईने उपसू नये. बहुधा हवा हळूहळूच जाते. अशा वेळी बॅटरीवर चालणारा हवा भरण्याचा छोटा पंप फार उपयोगी पडतो. दाब भरून घ्यावा आणि सावकाश जवळच्या दुकानापर्यंत जावे. किती दाब हवा, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत लिहिलेले असते. पंप घेताना तो किती विजेवर चालतो हे पाहावे. गाडीतील विजेच्या खोबणीचा फ्यूज १५ अँपिअरचा असेल, तर १२ व्होल्टांवर १८० वॅट ही त्याची मर्यादा झाली. त्याहून मोठा पंप लावला, तर हवा भरण्याआधी फ्यूजच वितळेल. भोक बुजविण्याची सुई, कानस आणि चिकट पट्ट्या यांचा संचही ठेवावा. पण तो टायरच्या तळव्यावरील भोकासाठीच आहे. टायरची बाजू फाटली असेल, तर चाक बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरे काम बॅटरीचे. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करण्याच्या तारा पुष्कळजण घेतात. परंतु बाजारात त्यांत फार फसवणूक चालते. वरून जाड दिसणाऱ्या तारेत रबरच अधिक आणि धातू थोडा असतो. स्टार्टर फिरताना शंभराच्या घरात अँपिअर वीज ओढतो. बारीक तार तापते आणि गाडी सुरू होत नाही. म्हणून चिमट्याजवळ तार उघडी दिसत असेल तेथे आतील धातूची जाडी पाहावी, आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा शुद्ध तांब्याची तार पसंत करावी. तांब्याची पारख आपल्या ज्ञातीने नाही करावयाची, तर कोणी? तारा जोडण्याचा क्रम असा: लाल तार प्रथम थकलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि ती त्या वायूजवळ पडू नये, हा यातील हेतू आहे. अलीकडे दुसऱ्या गाडीवाचून इंजिन सुरू करून देणारी लहान पेटीही मिळते. ती सोयीची खरी. पण दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा भारित करावी लागते, आणि विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत ती टाकून ठेवणे धोक्याचे आहे.

आता किरकोळ हत्यारांकडे वळू. १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटर हे रिंग-फिक्स पाने, त्याच मापांच्या गोट्या आणि एक खटक्याची मूठ, एवढ्यांत बहुतेक कामे भागतात. बॅटरीच्या चिमट्याला बहुधा १० चा पाना लागतो, म्हणून तो कधीही हरवू देऊ नये. गोटी पाना आतून सहा कोनांचा घ्यावा. बारा कोनांचा पाना पटकन बसतो खरा. पण गंजलेल्या नटाचे कोपरे तोच झिजवितो, आणि एकदा नट गोल झाला की मग मोठ्यातला मोठा कारागीरही हात टेकतो. अदलाबदलीच्या टोकांचा एक पेचकस, एक साधी पक्कड, एक आवळून धरणारी पक्कड, चाकू, चिकटपट्टी, बांधावयाची तार आणि प्लॅस्टिकचे बंद असावेत. लोंबणारा बंपर किंवा पत्रा तारेने आणि बंदांनी बांधून गाव गाठता येते. फ्यूज प्रत्येक मापाचे दोन-दोन ठेवावेत. त्यांचे रंग ठरलेले असतात: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा. वितळलेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या मापाचा फ्यूज कधीही घालू नये. फ्यूजऐवजी मग तारांचा जुडगा जळतो.

ही हत्यारे पेटीतून घेण्याऐवजी सुटी घ्यावीत. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यातील बोहरी आळी येथे ती एक-एक हाताळून घेता येतात. जालंधर, लुधियाना, नागौर ही हत्यारांच्या धंद्याची नामांकित गावे, आणि त्यांचा माल तेथे दिसतो. पान्यावर क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची खूण आणि माप स्पष्ट उमटलेले असावे. पण नुसत्या खुणेवर विसंबू नये. पान्याचे तोंड नटावर डगमगत नाही ना, मूठ हातात रुतत नाही ना, हे स्वतः पाहावे. चांगला १० चा एक पाना वाईट पन्नासांहून अधिक दिवस टिकतो.

यापुढे जे सांगणार, ते हत्यारांपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. ६०-७० वर्षांपूर्वी रस्त्यात गाडी बंद पडली, तर बैलगाडीवाला थांबून चौकशी करी. आज नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गासारखे ७०१ किलोमीटरांचे रस्ते आपल्याकडे झाले. तो मार्ग २०२५ साली पूर्ण खुला झाला. ताशी १२० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. गाडीच्या मागे ५० मीटरांवर आपण लाल त्रिकोण ठेवला, तर येणाऱ्या चालकाला दीड सेकंदाचीच सूचना मिळाली. तेव्हा द्रुतगती मार्गावर त्रिकोण शक्य तितका मागे, संरक्षक कठड्याच्या बाजूने चालत जाऊन ठेवावा. पिशवीत चकाकणारे जाकीट, कपाळाला बांधावयाचा दिवा आणि जाड हातमोजे असलेच पाहिजेत. कपाळावरील दिव्याने दोन्ही हात मोकळे राहतात, आणि विजेरी धरण्यासाठी मुलाला वाहनांच्या बाजूला उभे करण्याची वेळ येत नाही. रहदारीच्या बाजूचे चाक फुटले असेल आणि जागा अरुंद असेल, तर चाक बदलण्याचा मोहच टाळावा. घरच्या सर्वांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभे करावे, आणि मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३, आणि कोठेही ११२, हे क्रमांक पाठ असावेत. कारागिराला आपल्या हाताचा अभिमान असतो. परंतु कोणते काम हाती घेऊ नये, हे ज्याला कळते, तोच पुरा कारागीर.

याच न्यायाने आणखी काही मर्यादा सांगतो. इंजिन तापले असता रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील उकळते पाणी दाबाखाली असते. विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी रंगाच्या तारांना हात लावू नये. त्यांतून शेकडो व्होल्टांची वीज वाहते. ज्यांना संगणकाची आवड आहे, त्यांनी दोषांक वाचणारे लहान यंत्र अवश्य घ्यावे. स्टीअरिंगखालील खोबणीत ते बसते, आणि पिवळा दिवा का लागला हे सांगते. त्याने दुरुस्ती होत नाही. पण गॅरेजमध्ये आपण अगदीच अनभिज्ञ ठरत नाही, हाही लाभ लहान नाही.

हे सारे साहित्य पत्र्याच्या पेटीत घालू नये. ती खडखडते, आणि अपघातात तीच डोक्यावर येऊन आदळते. जाड कापडाची, कप्पे असलेली पिशवी शिवून घ्यावी आणि ती डिकीत पट्ट्याने बांधून टाकावी. पिशवी सामानाच्या तळाशी न ठेवता, एकटीच ओढून काढता येईल अशी ठेवावी. पाने तेलाच्या फडक्यात गुंडाळावेत, म्हणजे कोकणच्या दमट हवेतही गंज चढणार नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीचे मूळ धंदे झपाट्याने मागे पडत आहेत, आणि त्याबद्दल मी येथे शोक करणार नाही. आपली मुले अभियंते झाली, मुली डॉक्टर झाल्या, याचा आपणां सर्वांना आनंद आहे. परंतु हात आणि हत्यार यांची ओळखच पुसली जावी, हे काही प्रगतीचे लक्षण नव्हे. खंडेनवमीला आपण मोटारीला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच दिवशी डिकी उघडावी, पिशवी बाहेर काढावी, प्रत्येक पाना पुसावा, स्टेपनीतील हवा मोजावी, आणि घरातील प्रत्येक चालकाकडून, विशेषतः मुली आणि सुना यांच्याकडून, एकदा चाक काढवून पुन्हा बसवून घ्यावे. विश्वकर्म्याला याहून प्रिय अशी पूजा मला तरी सुचत नाही. आपल्या युवक मंडळाने पुढील संमेलनात प्रांगणात एक मोटार उभी करून हे काम सर्वांना प्रत्यक्ष करून दाखवावे, अशीही माझी सूचना आहे. चाक बदलणाऱ्या पहिल्या पाच भगिनींना अर्ध्या मीटरचा चाकपाना बक्षीस द्यावा. तो खर्च उचलण्यास मी आनंदाने तयार आहे.

 आपणां सर्वांचे प्रवास सुखाचे होवोत, आणि पिशवी उघडण्याचा प्रसंग न येवो. परंतु आलाच, तर ती भरलेली असो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.